उशाकडचा झरोका

१

थंडी पडली की आमच्या घरात बाबा फटी बुजवायला घेतात. खिडकीच्या चौकटी, दाराखालची जागा, भिंतीतून पाइप जातो तिथलं भोक, सगळीकडे चिंध्या कोंबतात. बाबा गाद्या-उशा शिवतात, त्यामुळे चिंध्यांना तोटा नाही. हे सगळं आईसाठी. तिची छाती नाजूक आहे. गार वारा लागला की तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागतो, आणि मग ती भिंतीला टेकून बसून रात्र काढते. गेल्या हिवाळ्यात तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हा डॉक्टरांनी बाबांना बाहेर बोलावून सांगितलं, की अशी आणखी एक थंडी हिला झेपणार नाही. मी दाराआड होते. दाराआड असणं मला चांगलं जमतं.

म्हणून ही थंडी आम्ही बोटीवर काढायची ठरवली.

बोट आमची नव्हती. तिच्या मालकांना आतल्या सगळ्या गाद्या, बाकांच्या बैठका आणि पडदे नव्याने शिवून हवे होते. शिवाय बंद बोटीला बुरशी धरते, म्हणून हिवाळाभर तिच्यात कुणीतरी राहणारंही हवं होतं. बोट एका उबदार किनाऱ्यावर धक्क्याला बांधलेली होती. भर हिवाळ्यात लोक तिथे अर्ध्या बाह्यांत फिरत. शाळेने मला परवानगी दिली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ही वर्गात असली काय नि नसली काय, आवाज तर येतच नाही." त्या चेष्टेने म्हणाल्या. अभ्यास मात्र पोतंभर दिला.

बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला माझी तिकोनी केबिन होती. तिच्या फळीच्या भिंतीपलीकडे आई-बाबांची. त्यानंतर मधली खोली, तिथे टेबल, शेगडी आणि बाबांचं शिलाई मशीन. मग उभा जिना आणि वर सरकवायचं झाकण. प्रत्येक खोलीत छताजवळ वाटीएवढे गोल झरोके होते. आईच्या उशाकडचा एक झरोका तर आमच्या मधल्या फळीतच होता; माझ्या बाजूने मात्र तिथे नुसतं लाकूड होतं.

ते पाहून बाबांनी कपाळावर हात मारला. "ही बोट आहे की चाळणी?"

त्याच संध्याकाळी त्यांनी जुन्या कापसाचे गोल बोळे शिवले, झरोक्याच्या मापाचे. बोळे इतके नेटके बसले की बाबांनी सगळ्यांवरून एकदा अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आता वाऱ्याची काय बिशाद!"

२

सकाळी सगळे बोळे टेबलावर होते. एका रांगेत, आणि शिवणीची बाजू खाली.

बाबा तयार झालेली उशी नेहमी तशीच ठेवतात, शिवण खाली. गिऱ्हाइकाला आधी चांगली बाजू दिसावी म्हणून. त्यामुळे आम्हाला आधी वाटलं की त्यांनीच काढले. त्यांना वाटलं मी.

"मुंगे, हा तुझा उद्योग?"

घरात मला मुंगी म्हणतात. मी नाही म्हणून मान हलवली.

"मग काय बोळ्यांना पाय फुटले?"

"अहो, तुम्हीच झोपेत काढले असतील," आई म्हणाली. "झोपेत धंदा करता तुम्ही. परवा माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणालात, 'ताई, कापूस कमी भरलाय, बसल्यावर दबणार.'"

बाबा हसले आणि बोळे परत बसवले. दुसऱ्या सकाळी ते पुन्हा टेबलावर. बाबांनी जरा जाड बोळे शिवले. ते रात्री बसवताना त्यांना स्टुलावर उभं राहून मुठीने ठोकावं लागलं. सकाळी तेही टेबलावर, रांगेत, शिवण खाली.

बाबा माझ्याकडे नुसते बघत राहिले. माझं न बोलणं लोकांना कबुलीसारखं वाटतं, हे मला माहीत आहे, पण त्याला इलाज नाही.

"राहू दे हो," आई म्हणाली. "इथला वारा कुठे एवढा गार आहे? बोटीला गुदमरत असेल."

३

घरी असताना मी शेजारच्या खोलीतून आईचा श्वास ऐकत झोपायचे. बोटीवर तर मध्ये एकच फळी होती. मी त्या फळीला चिकटून पडायचे.

पहिले काही दिवस शिट्टी ऐकू यायची. मग एकदा ती थांबली आणि तिच्या जागी लांब, शांत श्वास आला. आत, जरा थांबून, बाहेर. पुन्हा आत. मला इतका आनंद झाला की मी तोंडावर उशी दाबून रडले.

बाबा एकदा झोपले की ढोल वाजवले तरी उठत नाहीत, म्हणून ते रोज सकाळी चहा गाळता गाळता मला विचारायचे, "काल कशी होती गं आई?"

"छान. शिट्टी नाही."

त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसायचं. माझ्या शब्दावर त्यांनी इथल्या डॉक्टरांकडे जाणं लांबवलं. आईला डॉक्टरांचा तिटकाराच होता, ती खूश झाली.

एका दुपारी मी केबिनमध्ये भूगोलाचा नकाशा भरत होते. फळीपलीकडे आई झोपली होती. आत, थांबून, बाहेर. त्या आवाजात माझं चित्त चांगलं लागायचं. बाबा कापड आणायला बाजारात गेले होते.

तेवढ्यात बाहेरून आईचं हसू ऐकू आलं.

मी गोल खिडकीतून पाहिलं. आई धक्क्यावर दोरीला चादर घालत होती आणि शेजारच्या बोटीतल्या काकू तिला काहीतरी सांगत होत्या. या काकू बोटींची बुडं खरवडून त्यांना रंग द्यायच्या. त्यांच्या भुवईतसुद्धा निळा रंग असायचा.

"नवरा म्हणाला, पोहायला शिकवतो," काकू सांगत होत्या, "आणि स्वतःच गटांगळ्या खायला लागला! मी केसाला धरून बाहेर काढला. तेव्हापासून तो टक्कलच ठेवतो."

आई चादरीत तोंड खुपसून हसत होती. आणि माझ्या पाठीमागे, फळीपलीकडे, श्वास चालू होता.

मी स्वतःला समजावलं. पाणी बोटीच्या अंगाला लागत असेल. दोर ताणून सैल होत असेल. बोट नाना आवाज काढते, काकूच म्हणाल्या होत्या. नीट ऐकावं म्हणून मी माझा श्वास रोखून धरला.

पलीकडचाही थांबला.

मी खूप वेळ धरून ठेवला. छाती दुखायला लागली तेव्हा सोडला, आणि त्याच क्षणी पलीकडूनही सोडला गेला. दमल्यासारखा.

मी तिथून बाहेर पडले. धावले असं म्हणता येणार नाही, कारण बोटीत धावायला जागाच नसते.

४

भीतीपेक्षा मोठी एक काळजी मला लागली. तो श्वास आईचा नसेल, तर आईचा कसा होता? मी रोज बाबांना कुणाच्या तब्येतीचं सांगत होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी आई आडवी झाली तेव्हा मी हळूच तिच्या पायाशी जाऊन बसले. सुरुवातीला शिट्टी होतीच. बारीक, पण होती. मग उशाकडच्या झरोक्यातून तो दुसरा श्वास यायला लागला. आईचा त्याच्याशी जुळायचा, सुटायचा, परत जुळायचा. झोका देणाऱ्याला आधी लय सापडत नाही, तसं. मग सापडली. शिट्टी विरत विरत गेली. आईच्या नखांचा निळेपणा उतरून ती गुलाबी झाली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आई खरंच बरी होत होती.

थोड्या वेळाने तिने डोळे उघडले आणि मला बघून दचकली.

"तू इथे? मला वाटलं पलीकडे आहेस."

मी मान हलवली.

"आत्ता तर ऐकत होते मी तुला." ती जरा गोंधळली, मग तिने हात लांब करून माझा गाल कुरवाळला. "झोपेत वाटलं असेल. अगं, रोज ऐकते ना मी तुझा श्वास. फळीला चिकटून झोपतेस. तुझ्याबरोबर मी घेते, की जमतं. मुद्दाम मोठ्याने घेतेस ना माझ्यासाठी? मला कळत नाही असं वाटतं होय तुला?"

मी तिचा श्वास ऐकून झोपत होते, आणि ती माझा.

संध्याकाळी मी बाबांची मोजायची टेप घेतली. माझी केबिन आतून मोजली, त्यांची आतून मोजली, मग डेकवर गुडघ्यांवर सरकत दोन्हींची लांबी वरून मोजली. हिशेब जुळेना. मधली भिंत म्हणजे एक फळी नव्हती, दोन होत्या, आणि त्यांच्यामध्ये वीतभर जागा होती.

वीतभर जागेत माणूस मावत नाही. बाजूला वळून उभा राहिला, आणि फारच बारीक असला, तर... इथवर विचार आला आणि मी टेप गुंडाळून डब्यात ठेवून दिली.

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाबांनी त्याच दिवशी सामान बांधलं असतं, आणि घरी थंडी आमची वाट बघत होती. ज्याची भीती वाटते त्याचे आभार कसे मानायचे हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तरी मी रोज झोपताना फळीकडे पाठ करून मनातल्या मनात "थँक्यू" म्हणायला लागले. फळीकडे तोंड करायची हिंमत नव्हती.

५

मग हवा पालटली. वारा सुटला, पाऊस आला, आणि त्या किनाऱ्यावर कधी पडत नाही म्हणे अशी थंडी पडली. आईला खोकला सुरू झाला.

बाबांचा चेहरा गेल्या हिवाळ्यातल्यासारखा झाला. दुपारची जेवणं झाल्यावर त्यांनी बोळे काढले, बाकांना रेक्झिन ठोकायचे बारीक खिळे काढले, आणि एकेक झरोका बुजवून त्यावर रेक्झिनचा तुकडा ठोकून टाकला. माझ्या केबिनमधलेही. उशाकडचा सगळ्यात शेवटी.

"आता काढून दाखवा म्हणावं," ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते त्यांनी सांगितलं नाही, पण बघत माझ्याकडे होते.

वरचं झाकण ओढून घेऊन त्यांनी त्याच्या फटीत घोंगडी कोंबली. मग कोळशाची शेगडी पेटवून आईच्या दाराशी आणून ठेवली. काही वेळातच बोटीत ऊब भरली.

"कसं घरच्यासारखं वाटतंय ना?" बाबा म्हणाले. किती तरी दिवसांनी ते गुणगुणत होते.

"अहो, माझे डोळे जड व्हायला लागले," आई म्हणाली.

"होऊ देत की. झोप म्हणजे निम्मं औषध."

मी माझ्या केबिनमध्ये येऊन पुस्तक उघडलं. डोकं ठणकत होतं. ओळी एकमेकींवर चढत होत्या. आईचा खोकला थांबला होता, हे मला बरं वाटलं. बाबांचं मशीन थांबलं होतं. तेही बरं वाटलं. पावसाचा आवाज फार लांबून येत होता, आणि मला वाटलं, आपणही जरा पडावं.

फळीत श्वास होता, पण आज तो चुकत होता. आधी भराभर झाला. मग तुटक. आणि मग, एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच, त्याची शिट्टी वाजली. हुबेहूब आईसारखी. जणू तिच्या छातीतून इतके दिवस जे काढून घेतलं होतं ते सगळं तिथे साठलं होतं.

मग फळीवर थाप पडली. माझ्या कानाशीच. पुन्हा पडली.

मी उठले. पाय गादीतल्या कापसासारखे झाले होते. मधली खोली धूसर दिसत होती. बाबा मशीनवर डोकं टेकून झोपले होते, बोटांत सुई तशीच. आई उताणी पडली होती. तिचे गाल लालबुंद होते आणि ती फार शांत होती.

तिच्या डोक्यावरचं रेक्झिन थरथरलं. एक खिळा सुटून तिच्या पांघरुणावर पडला. मग दुसरा. मग बाकीचे, सावकाश, एकामागून एक. तुकडा गळून पडला, आणि बोळा भिंतीच्या आत ओढला गेला.

त्या भोकात एक तोंड होतं.

डोळे दिसले नाहीत, नाक दिसलं नाही. वाटीएवढ्या जागेत दुसरं काही मावणारच नव्हतं. ओठ भिजलेल्या लाकडाच्या रंगाचे होते. ते उघडले, आणि गार, खारट वारा आईच्या चेहऱ्यावर आला. तिच्या कपाळावरचे केस उडाले. ओठ मिटले. खोलीतली ती जड ऊब आत ओढली गेली, मला तिचं जाणं गालावर जाणवलं. पुन्हा उघडले. पुन्हा गार वारा.

आई खोकली.

त्या खोकल्याने मला जाग आली असं म्हणेन. मी जिन्यावर चढून घोंगडी उपसली, खांदा लावून झाकण ढकललं, पावसात तोंड बाहेर काढलं आणि ओरडले. माझा आवाज इतका मोठा आहे हे मला तोवर माहीत नव्हतं.

६

रंगवाल्या काकू चपला न घालताच धावत आल्या. आम्ही दोघींनी आईला वर ओढलं. बाबा हाका मारल्यावर कसेबसे उठून जिन्याशी आले आणि डेकवर ओणवे होऊन उलटी करत राहिले. काकूंनी शेगडी फडक्याने धरून थेट समुद्रात फेकली.

"अहो, अक्कल गहाण टाकली होती का?" त्या बाबांवर ओरडल्या. "बंद बोटीत कोळसे पेटवून झरोके बुजवतं का कुणी? वास येत नाही, काही नाही, झोपेतच माणूस जातो!"

"घरी तर नेहमीच..." बाबा म्हणाले.

"घराला कौलं असतात, फटी असतात. ही बोट आहे. हिच्यात पाणी शिरत नाही तशी हवाही शिरत नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि हिला मी मुकी समजत होते! मुकी कसली, भोंगा आहे भोंगा!"

आई पावसात भिजत बसली होती. ती हसली. तिचं हसू मी कधीच विसरणार नाही.

बाबांनी मला जवळ घेतलं. ते लहान मुलासारखे रडत होते. "पोरी, तू रोज बोळे काढत होतीस आणि मी तुलाच रागावत होतो. आज तू तो उपटला नसतास तर?"

मी नाही म्हणून मान हलवली. मग तर त्यांनी मला आणखीच घट्ट धरलं.

नंतर पांघरूण झटकताना त्यांना खिळे सापडले. त्यांनी एक हातात घेऊन बराच वेळ बघितला. उपटलेला खिळा वाकतो. हे सगळे सरळ होते, डब्यातून आत्ताच काढल्यासारखे.

"बोळा कुठे टाकलास गं?" त्यांनी विचारलं.

"पडला असेल पाण्यात," काकू म्हणाल्या. "माणसं हाती लागली, बोळ्याचं काय घेऊन बसलात?"

७

संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले. बाबा नि मी ठीक होतो. आईच्या छातीचं मात्र आत्ताच काही सांगता येत नव्हतं. "शिट्टी वाढली तर लगेच बोलवा," ते म्हणाले. "श्वास नीट चालू राहिला तर सकाळपर्यंत धोका टळेल."

सगळे झरोके उघडे होते. धक्क्यावरचे दिवे नुकतेच लागले होते, आणि काकूंनी दिलेल्या दोन रजया आईच्या अंगावर होत्या. बाबा तिच्या पायाशी बसून राहिले. मी माझ्या जागी जाऊन पडले.

आईची शिट्टी ऐकू यायला लागली. वाढत होती. मी दुसऱ्या श्वासाची वाट बघितली.

आला नाही.

फळीत काहीच नव्हतं. इतके दिवस जो आवाज नसावा असं मला वाटत होतं, त्याच्यासाठी मी कान टवकारून पडले होते. दुपारची ती सगळी ऊब त्याने आत ओढून घेतली होती, हे मला तेव्हा आठवलं. ती आत घेऊन आमचं काय झालं असतं, ते काकूंनी सांगितलंच होतं.

"मुंगे," आई पलीकडून म्हणाली, शब्दाशब्दाला थांबत. "आहेस ना गं?"

"आहे," मी म्हणाले. मोठ्याने.

मग मी फळीकडे वळले. पहिल्यांदाच तोंड करून. ओठ लाकडाजवळ नेले आणि श्वास घेतला, तिला ऐकू जाईल असा. आत, जरा थांबून, बाहेर. आईचा जुळला नाही. मी घेत राहिले. जुळला, सुटला. बाहेर दिव्यांभोवती पाऊस दिसत होता. मला चक्कर यायला लागली तरी मी लय सोडली नाही, आणि शेवटी आईने ती धरली. शिट्टी बारीक झाली, आणखी बारीक. बाबांनी नाक ओढल्याचा आवाज आला, आणि ते हलक्या आवाजात म्हणाले, "हां. हां. अस्संच."

मी थांबणार होते. तेवढ्यात आमच्या दोघींच्या मध्ये, त्या वीतभर जागेत, काहीतरी खरखरलं.

फार क्षीण श्वास होता तो. अर्ध्यातच तुटत होता. तो माझ्या श्वासाशी जुळवायला बघत होता आणि त्याला जमत नव्हतं. मी माझा श्वास आणखी सावकाश केला, आजाऱ्याबरोबर चालताना आपण पाऊल लहान करतो तसा.

ओठांशी फळी ओली झाली. पलीकडून कुणीतरी तिथेच तोंड टेकवलं होतं.

मी मागे सरकले नाही. आत, जरा थांबून, बाहेर.